फुजीचं शिखर देवस्थानच्या मालकीचं कसं झालं

फुजी म्हणजे जपान सरकारचा डोंगर असं बऱ्याच जणांना वाटतं, पण आठव्या टप्प्याच्या (चढायच्या वाटेचे पायथ्यापासून शिखरापर्यंत दहा टप्पे मानतात) वरचा जवळपास सगळा भाग पायथ्याच्या फुजिनोमिया शहरातल्या सेन्गेन या शिंतो देवस्थानचा आहे.

मूळ पूजा ज्वालामुखी शांत राहावा म्हणून. जवळच यामामियाला देवस्थानची जुनी जागा आहे, तिथे गाभाराच नाही, दगडांनी आखलेली जागा आणि समोर थेट डोंगर. 806 साली देऊळ आताच्या ठिकाणी आलं अशी परंपरा आहे.

खरी गंमत मालकीची. शिखरावर यात्रेकरू पैसे टाकायचे आणि त्यावरून देवस्थान आणि दुसऱ्या पायवाटेवरच्या गावात भांडण लागलं, शेवटी 1779 मध्ये शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी शासकाच्या, दरबाराने निकाल दिला की आठव्या टप्प्याच्या वर देवस्थानचाच हक्क. मेजी काळात, म्हणजे 1868 नंतर, नव्या सरकारने देवळांच्या जमिनी घेतल्या त्यात हेही गेलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर धर्म आणि सरकार वेगळे झाले, 1947 च्या कायद्याने देवळांना जमिनी परत मागता आल्या, तर इथे सरकार म्हणे थोडासाच तुकडा देतो, कारण फुजी सगळ्या देशाचा. ऐकायला छान वाटतं, पण डोंगरच देव असेल तर देवाचा तुकडा कसा देणार? 1957 ला देवस्थान कोर्टात गेलं, 1962 ला जिंकलं, सरकार अपिलात गेलं, 1974 ला सर्वोच्च न्यायालयानेही देवस्थानच्या बाजूने निकाल दिला. आणि जमीन प्रत्यक्षात ताब्यात दिली कधी, तर 2004 मध्ये, म्हणजे आणखी 30 वर्षं! सुमारे 385 हेक्टर, त्यातून हवामान केंद्र आणि चढायच्या वाटा वगळून.

तरी नोंदणी झालीच नाही, कारण शिझुओका आणि यामानाशी या दोन प्रांतांची हद्द शिखरावर अजून ठरलेली नाही, आपल्याकडच्यासारखं, कब्जा आहे पण सातबारा नाही. 2013 ला फुजी जागतिक वारसा यादीत आला, गर्दी वाढली, आणि 2025 पासून दोन्ही बाजूंनी चढायला 4000 येन लागतात, ते प्रांत घेतात, देवस्थान नाही.