रानगाढव आणि स्केट : भरपूर दिसणाऱ्यांच्या आड

आफ्रिकी रानगाढव राहतं इरिट्रिया-इथिओपियाच्या होरपळत्या दानाकिल वाळवंटात, तर स्केट हा पाकटाच्या गोतातला अवाढव्य मासा ईशान्य अटलांटिकच्या तळाशी. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत दोघंही अतिसंकटग्रस्त आहेत. माझ्या मते दोघांचं दुखणंही एक: सारखे दिसणारे भाऊबंद इतके, की मूळ प्राणी कमी होतोय हे उशिरा ध्यानात आलं.

पाळीव गाढवं जगात कोट्यवधी आहेत. त्यांचा हा रानटी पूर्वज सुमारे 7,000 वर्षांपूर्वी माणसाळला. (कच्छच्या रणातलं घुडखर ही वेगळी जात, पाळीव गाढवाशी तिचं थेट नातं नाही.) आफ्रिकी रानगाढवं मात्र आता 600 सुद्धा नसावीत. यादवी युद्धांमुळे बंदुका गावोगाव पोचल्या, मांसासाठी आणि औषधासाठी शिकार वाढली, पाणवठे गुरांनी अडवले. त्यात पाळीव गाढवांशी संकर होण्याची भीती आहेच.

स्केटची कथा जास्त गुंतागुंतीची. दोन मीटरहून मोठा होणारा हा मासा वयात यायलाच दहाहून अधिक वर्षं घेतो, आणि अंडं फुटायला साधारण दीड वर्ष. पिल्लू जन्मतःच एवढं मोठं, की ट्रॉलरच्या जाळ्यातून निसटत नाही. 1981 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ कीथ ब्रँडर यांनी आयरिश समुद्रातून तो जवळजवळ नाहीसा झाल्याचं ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत मांडलं. त्या काळात बंदरांवरच्या नोंदींत लहानमोठ्या सगळ्या जातींच्या स्केटचं वजन एकत्रच धरलं जाई. लहान जाती वाढल्या की मोठ्यांची घट आकड्यांत दिसतच नसे. शास्त्रज्ञांनीही गोंधळात भर घातली होती. 1926 मध्ये या मोठ्या स्केटच्या दोन जाती एक ठरवल्या गेल्या, त्या पुन्हा वेगळ्या निघाल्या 2010 मध्ये! त्याआधी वर्षभर, 2009 मध्ये, युरोपीय संघाने हा मासा किनाऱ्यावर उतरवायलाच बंदी केली होती. स्कॉटलंडने 2014 मध्ये त्याच्यासाठी पश्चिम किनाऱ्यावर संरक्षित क्षेत्र आखलं.

आता मोजणी एकेका प्राण्याची होते: रानगाढव पायांवरच्या पट्ट्यांवरून ओळखतात, स्केट पाठीवरच्या ठिपक्यांवरून. स्कॉटलंडमध्ये त्यासाठीचे बरेचसे फोटो हौशी गळकरी पुरवतात, मासा पुन्हा पाण्यात सोडण्याआधी काढलेले.