कोर्टातील तोंडी तक्रार

दाव्यातली अडचण लेखी अर्जाने न मांडता पक्षकाराने थेट कोर्टाच्या कर्मचाऱ्यासमोर उभे राहून सांगणे, ही महाराष्ट्रातील तालुका व जिल्हा न्यायालयांत रोज दिसणारी रीत.

चालू दाव्याबद्दल न्यायाधीशांना दालनात भेटता येत नाही. एका बाजूचे म्हणणे दुसरीच्या पाठीमागे ऐकले तर तो न्याय राहत नाही. वकील त्या वेळी दुसऱ्या कोर्टात उभे असतात. मग बोलायला उरतात ते पुकारा करणारा शिपाई, बोर्ड (त्या दिवशीच्या दाव्यांची यादी) व रोजनामा (दाव्यात रोज काय झाले याची नोंद) सांभाळणारा लिपिक, समन्स बजावणारा बेलीफ आणि कोर्टाची रोकड व बेलीफांचे काम पाहणारा नाझर. गावाहून पहिल्या एसटीने आलेल्या माणसासाठी कोर्ट म्हणजे हीच माणसे. ‘साहेब, आमचं आज काय झालं?’ हा त्याचा प्रश्न बहुतेकदा तक्रारच असते: पुकारा ऐकू आला नाही, किंवा नुसतीच पुढची तारीख पडली. 1998 पासून जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. तरीही अनेक आदेश इंग्रजीत निघतात आणि ते समजून घ्यायलाही लिपिकाचेच टेबल गाठावे लागते.

समन्सवर बेलीफाचा ‘पत्त्यावर मिळून आला नाही’ असा शेरा येतो, आणि प्रतिवादी तर रोज गावच्या पारावर दिसत असतो. चोरीला गेलेली मोटारसायकल सापडूनही मुद्देमालात, म्हणजे खटल्यासाठी जप्त केलेल्या वस्तूंत, अडकते. सर्वांत जास्त घालमेल निकालाची प्रमाणित प्रत देणाऱ्या नक्कल विभागाच्या खिडकीशी होते. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस, उच्च न्यायालयात 90 दिवस मिळतात. नक्कल मिळायला लागलेला वेळ 1963 च्या मुदत कायद्यानुसार या दिवसांतून वगळला जातो. म्हणून नकलेवर अर्जाची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख नोंदलेली असते. हे ठाऊक नसलेला माणूस बोटांवर दिवस मोजत तिथे उभा असतो.

न्यायालयांच्या ई-कोर्ट्स ॲपवर सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक दाव्याचा स्वतंत्र 16 अक्षर-अंकी क्रमांक, टाकला की पुढची तारीख दिसते. ती का पडली, हे मात्र माणसालाच विचारावे लागते.

लेखी न देण्यामागे भीती असते. फाइल ज्यांच्या हाती, त्यांच्याविरुद्ध कागद कसा द्यायचा? ही भीती खुळी म्हणून झटकणे अन्यायाचे आहे. पण तोंडी गाऱ्हाण्याची कुठेच नोंद होत नाही आणि तारीख बदलणे लिपिकाच्या हातात नसते. कर्मचाऱ्याच्या वागणुकीबद्दल प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे लेखी तक्रार करता येते. त्यांच्यावर राज्यघटनेच्या अनुच्छेद 235 नुसार उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. लाच मागितल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अल्प उत्पन्न असलेल्यांना 1987 च्या कायद्याखाली तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो. अर्ज दोन प्रतींत करावा आणि आपल्याकडच्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का मारून घ्यावा.