कॉर्डाइटने खाल्लेली नळी

गोळी घासून घासून रायफलची नळी झिजते, असा सर्वसाधारण समज आहे. थोडी झीज तशी होतेही. पण गोळीचं तांबट कवच पोलादापेक्षा पुष्कळ मऊ असतं. नळीचं खरं नुकसान मागच्या टोकाला होतं, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) संपून गोळीला फिरकी देणाऱ्या पीळदार खाचा सुरू होतात तिथल्या काही सेंटीमीटरांत. तिथे वायू सर्वांत तप्त असतो आणि दाबही सर्वाधिक. म्हणून नळी किती टिकेल, हे बरंचसं दारूच ठरवते.

ब्रिटिश लष्कराने 1888 मध्ये ली-मेटफर्ड रायफल घेतली, ती काळ्या दारूसाठी. ही दारू जळली की नळीत किट्ट साचतं. ते सहज पुसता यावं म्हणून विल्यम मेटफर्ड यांच्या रचनेत सात उथळ, कोपरे नसलेल्या खाचा होत्या. थोड्याच वर्षांत काडतुसातल्या सुमारे साडेचार ग्रॅम काळ्या दारूच्या जागी दोन ग्रॅम कॉर्डाइट, म्हणजे जवळजवळ बिनधुराची नवी दारू, आलं. धूर जवळजवळ गेला, गोळीचा वेग वाढला आणि मेटफर्डच्या खाचा भराभर गुळगुळीत होऊ लागल्या. 1895 ची ली-एनफिल्ड आली ती जास्त खोल, काटकोनी काठांच्या पाच खाचा घेऊन. बाकी रायफल बरीचशी तीच!

कॉर्डाइटमध्ये 58 टक्के नायट्रोग्लिसरीन, 37 टक्के गनकॉटन (आम्लाच्या प्रक्रियेने स्फोटक केलेला कापूस) आणि 5 टक्के व्हॅसलीन असे. नायट्रोग्लिसरीनमध्ये स्वतःच्या ज्वलनाला पुरून उरेल इतका ऑक्सिजन असतो, तर गनकॉटनला तो कमी पडतो. दोन्ही एकत्र आले की ज्वलन पूर्णत्वाकडे जातं आणि वायूचं तापमान पोलादाच्या वितळबिंदूच्या, म्हणजे साधारण 1500 अंश सेल्सियसच्या, खूप वर चढतं. हा चटका जेमतेम एक-दोन मिलिसेकंदांचा, त्यामुळे तापतो फक्त पृष्ठभागाचा पातळ थर. तो फुगतो, लगेच आकसतो, आणि उन्हाळ्यात तळ्याचा तळ भेगाळावा तशी बारीक भेगांची जाळी पडते. वायूतला कार्बन आणि नायट्रोजन पोलादात मुरून ठिसूळ थर तयार होतो. त्याचे कपचे उडतात. मग गोळीला खाचांची पकड उशिरा मिळते, वेग घटतो आणि नेम फाकतो.

व्हॅसलीनची गोष्ट मजेशीर आहे. ते घातलं होतं नळीला वंगण मिळावं म्हणून. प्रत्यक्षात ते जळूनच जायचं. पण साठवणीत दारू टिकवायला उपयोगी ठरल्यामुळे राहिलं.

1901 च्या सुधारित कॉर्डाइट एमडीत नायट्रोग्लिसरीन 30 टक्क्यांवर आणून गनकॉटन 65 टक्के केलं गेलं. झीज कमी झाली, पण तोच वेग गाठायला दारू जास्त लागू लागली. हा सौदा आजही सुटलेला नाही. पुढे तोफांच्या दारूत नायट्रोग्वानिडीन आलं: भरपूर नायट्रोजन, त्यामुळे वायू त्यातल्या त्यात थंड.

‘सावकाश जळणारी दारू म्हणजे थंड दारू’ हे मात्र खरं नाही. जळण्याचा वेग दाण्याच्या आकारावर आणि लेपावरही ठरतो. ज्वालेचं तापमान ठरतं रासायनिक घडणीवर. शिवाय एकाच व्यासाच्या नळीतून तीन ग्रॅमऐवजी साडेचार ग्रॅम दारू जाळली, तर दारू सौम्य असूनही नळीचा गळा, म्हणजे खाचा सुरू होतात तो भाग, लवकर जातो. त्यात नळी हाताला चटका देईल इतकी तापलेली असताना गोळीबार चालूच ठेवला, तर झीज आणखी वाढते.

याच ब्रिटिश रायफलींच्या जुन्या .303 (इंच व्यासाच्या) नळ्यांमधल्या गंजाचं खापरही कॉर्डाइटवर फुटतं. तो दोष काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणाऱ्या टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटचा. त्यापासून उरणारं क्षार हवेतला ओलावा ओढतं, आणि तेलात विरघळत नाही. म्हणून आधी उकळतं पाणी ओतायचं, नळी पूर्ण कोरडी करायची आणि मगच तेलाचा बोळा फिरवायचा.