इंटेल ४००४

संगणकाचा संपूर्ण मध्यवर्ती प्रक्रिया विभाग एकाच सिलिकॉन चिपवर सामावणारा आणि खुल्या बाजारात विकत मिळू लागलेला पहिला मायक्रोप्रोसेसर. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील इंटेल कंपनीने तो नोव्हेंबर १९७१ मध्ये जाहीर केला. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर (विजेचे सूक्ष्म स्विच) होते आणि तो एका वेळी ४ बिटांवर (० किंवा १ या अंकांवर) क्रिया करी.

या चिपचा उगम संगणकासाठी नव्हे, तर टेबलावरच्या गणकयंत्रासाठी झाला. बिझिकॉम या जपानी कंपनीने १९६९ मध्ये आपल्या गणकयंत्रांसाठी चिप बनवून घेण्याकरिता इंटेलशी करार केला. त्या कंपनीचे अभियंते मासातोशी शिमा यांच्या मूळ आराखड्यात वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या गुंतागुंतीच्या चिप होत्या. इंटेल तेव्हा एका वर्षाची लहान कंपनी होती, तिचा मुख्य भर स्मृती-चिपवर होता आणि इतक्या चिपची रचना करण्याइतके मनुष्यबळ तिच्याकडे नव्हते. या अडचणीवर इंटेलचे अभियंते टेड हॉफ यांनी असे सुचवले, की सर्वसाधारण स्वरूपाचा एकच प्रक्रियक बनवावा आणि गणकयंत्राची सारी वैशिष्ट्ये स्मृतीत साठवलेल्या आज्ञावलीवर सोपवावीत. सहकारी स्टॅन्ली मेझर यांच्या साहाय्याने त्यांनी ४ चिपचा संच आखला : ४००१ ही कायम स्मृती, ४००२ ही बदलती स्मृती, ४००३ हे आदान-प्रदानासाठीचे शिफ्ट रजिस्टर (बिट एकामागून एक पुढे सरकवणारे मंडल) आणि ४००४ हा प्रक्रियक.

मात्र कल्पना कागदावर मांडणे आणि ती सिलिकॉनवर उतरवणे यांत मोठे अंतर होते, आणि या इतिहासात त्या दुसऱ्या कामाला पुष्कळदा उपेक्षा वाट्याला आली आहे. ते काम इंटेलमध्ये नव्याने आलेले अभियंते फेडेरिको फॅजिन यांनी एप्रिल १९७० मध्ये हाती घेतले. फेअरचाइल्ड कंपनीत असताना त्यांनी ‘सिलिकॉन गेट’ तंत्र विकसित केले होते. त्यात ट्रान्झिस्टरचे गेट (प्रवाह चालू-बंद करणारा भाग) ॲल्युमिनियमऐवजी सिलिकॉनचे असल्याने ते आपोआप योग्य जागी जुळते. परिणामी नको असलेली धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) कमी होते, वेग वाढतो आणि कमी जागेत अधिक ट्रान्झिस्टर मावतात. या तंत्रावाचून त्या काळी एवढा प्रक्रियक व्यवहार्य आकारात बसवणे अतिशय कठीण गेले असते. शिमा यांनीही कॅलिफोर्नियात राहून तर्कमंडलांच्या तपासणीत त्यांना मदत केली. चिपच्या वेष्टनाला केवळ १६ पिना (जोडणीचे पाय) असल्याने स्मृतीतील जागेचा १२ बिटांचा पत्ता चारच वाहिन्यांवरून तीन तुकड्यांत पाठवावा लागे. चिपच्या पहिल्या नमुन्यांत निर्मितीतील एक थर राहून गेल्याने ते निकामी निघाले. जानेवारी १९७१ मध्ये आलेले नमुने चालले. फॅजिन यांनी चिपच्या कडेला आपली आद्याक्षरे कोरलेली आहेत.

करारानुसार हा संच केवळ बिझिकॉमला विकता येत होता. गणकयंत्रांच्या किमती घसरू लागल्यावर बिझिकॉमने सवलत मागितली, आणि तिच्या मोबदल्यात इंटेलने गणकयंत्रांखेरीज इतर उपयोगांसाठी विक्रीचा हक्क मिळवला. तंत्रज्ञानाइतकाच हा व्यवहारही निर्णायक ठरला.

‘पहिला’ या मानावर इतर दावेही आहेत. एफ-१४ लढाऊ विमानासाठी १९७० मध्ये पूर्ण झालेला प्रक्रियक-संच अनेक चिपचा होता व त्याची माहिती १९९८ पर्यंत गुप्त राहिली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनेही त्याच सुमारास एका चिपवरील प्रक्रियक तयार केला होता.

४००४ नंतर इंटेलचा ८ बिटांचा प्रक्रियक ८००८ एप्रिल १९७२ मध्ये आला. त्याची आज्ञारचना (प्रक्रियक पाळतो त्या आज्ञांचा संच) इंटेलची नव्हती. ती कॉम्प्युटर टर्मिनल कॉर्पोरेशनने आपल्या डेटापॉइंट २२०० या यंत्रासाठी आखली होती, पण ती चिप त्या कंपनीने वापरलीच नाही. इंटेलच्याच १९७४ च्या ८०८० या प्रक्रियकावर अल्टेअर ८८०० हा घरगुती संगणक उभा राहिला. त्याच वर्षी फॅजिन यांनी इंटेल सोडून झायलॉग कंपनी स्थापन केली. ८०८० ला तीन वेगवेगळे विद्युतदाब लागत. १९७६ च्या ८०८५ ने ५ व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर काम भागवले. महाराष्ट्रासह भारतभरातील तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालयांत मायक्रोप्रोसेसरची ओळख दीर्घकाळ याच चिपवरून करून दिली गेली.