पार्श्वभूमी : ‘ज्युलियस सीझर’ आणि गाळला जाणारा प्रवेश

शेक्सपिअरचं ‘ज्युलियस सीझर’ पुन्हा येतंय असं कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : या वेळचा सीझर कोणासारखा दिसणार? २०१७ च्या न्यूयॉर्कमधल्या वादानंतर तर दुसरा प्रश्न फारसा कोणी विचारतच नाही. रंगावृत्ती करणाऱ्यांपुढे मात्र वेगळाच पेच असतो. तिसऱ्या अंकाच्या अखेरीस जमाव ज्याचा जीव घेतो, त्या कवी सिन्नाचा प्रवेश ठेवायचा की गाळायचा?

नाटक १५९९ चं. त्या सप्टेंबरात थेम्सच्या दक्षिण काठावर एका स्विस प्रवाशाने ते पाहिल्याची नोंद आहे. छापलं गेलं १६२३ मध्ये, म्हणजे शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. कथानक प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्कच्या चरित्रांमधलं : ब्रूटस, कॅशियस आणि त्यांचे साथीदार कट करून रोमच्या सीझरला मारतात, आणि सीझरचा मित्र अँटनी त्याच्या प्रेतापुढच्या भाषणाने जमाव पेटवतो. सिन्नाचा खूनही तिथलाच.

हा प्रवेश जेमतेम चाळीस ओळींचा आहे. अँटनीच्या भाषणाने पेटलेले लोक रस्त्यात भेटलेल्या एका माणसाची उलटतपासणी घेतात : नाव काय, राहतोस कुठे, लग्न झालंय का? ब्रह्मचारी आहे, हेच शहाणपणाचं, असं तो म्हणतो; तर लग्न केलेले सगळे मूर्ख असं म्हणायचंय का, म्हणून एकजण अंगावर येतो. इथवर प्रेक्षक हसत असतात. मग नाव कळतं. कटवाल्यांपैकी एकाचंही तेच नाव. तो मी नव्हे, मी कवी सिन्ना, असं तो ओरडून सांगतो, तर उत्तर येतं, मग वाईट कवितांसाठी फाडा याला. हसू आणि खून यांच्यात एका वाक्याचंही अंतर नाही. एवढ्या छोट्या जागेत हा सांधा बदलणं नटांना जड जातं आणि दिग्दर्शकांनाही.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक मंडळ्यांनी त्यावर सोपा उपाय काढला. प्रवेशच गाळला. कारण कलेचं कमी आणि मानापमानाचं जास्त होतं. तो काळ नट-व्यवस्थापकांचा, संगमरवरी नेपथ्याचा आणि अंगाभोवती गुंडाळायच्या पायघोळ रोमन टोग्यांचा. अँटनीचं भाषण संपलं की टाळ्या आणि पडदा, अशी घडी बसलेली. त्यानंतर एक फाटका कवी येऊन मेलेला कोणाला हवा होता? १८९८ च्या लंडनच्या प्रयोगात तर पाच अंकांचे तीन झाले आणि प्रत्येक पडदा अँटनीवरच पडेल अशी मांडणी झाली. ती भूमिका अर्थातच मंडळीच्या मालकाने केली होती.

असं मखरात बसवलेलं नाटक निरुपद्रवी असतं, अशी एक समजूत आहे. १८६४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये तीन सख्ख्या भावांनी ब्रूटस, कॅशियस आणि अँटनी अशी कामं करून एक मदतप्रयोग केला. सेंट्रल पार्कमध्ये शेक्सपिअरचा पुतळा उभारण्यासाठी निधी हवा होता. पाच महिन्यांनी त्यांच्यातल्या अँटनीनेच लिंकनवर गोळी झाडली, आणि पळत असताना रोजनिशीत लिहिलं की ज्यासाठी ब्रूटसचा सन्मान झाला तेच मी केलं, तरी माझी शिकार होते आहे.

आज आपण ज्याला ‘आधुनिक’ सीझर म्हणतो तो १९३७ च्या नोव्हेंबरात, न्यूयॉर्कमध्येच जन्मला. दिग्दर्शक २२ वर्षांचा. पैसे कमी, त्यामुळे नेपथ्य म्हणजे लाल रंगवलेली मागची विटांची भिंत आणि काही चौथरे. नटांच्या अंगावर रोजचे कोट आणि लष्करी गणवेश. सीझरचा थाट उघडच मुसोलिनीचा. खालून सरळ वर फेकलेले प्रकाशझोत नाझींच्या न्यूरेंबर्ग मेळाव्यांची आठवण करून देणारे. मध्यंतर नाही, लढाया जवळजवळ सगळ्या उडवलेल्या. नावाखाली उपशीर्षकही होतं : ‘एका हुकूमशहाचा मृत्यू’. प्रयोग १५७ झाले.

गणवेशांची नक्कल पुढे जगभर झाली, आणि माझ्या मते त्यातून नाटकाचं नुकसानही झालं. शेक्सपिअरचा सीझर हुकूमशहा होईल की नाही हे कोणालाच ठाऊक नसतं. ब्रूटसलाही नसतं. बागेतल्या स्वगतात तो हेच सांगतो : आजवर याने काही वावगं केलेलं नाही, पण उद्या करील, म्हणून अंड्यातच मारावा. सीझर पहिल्या प्रवेशापासून काळ्या गणवेशात आला की ही शंकाच उरत नाही. मारणं योग्यच ठरतं आणि शोकांतिकेला टेकायला जागा राहत नाही.

त्या प्रयोगाला तारलं ते सिन्नाने. तालमींत प्रवेश जमत नव्हता. जमावाचं बोलणं तालात बसवलेल्या घोषासारखं करावं असं दिग्दर्शकाचं म्हणणं, तर सिन्ना करणाऱ्या नटाला भाबडा, थोडा हास्यास्पद माणूस हवा होता. अखेर खिसे कवितांच्या कागदांनी भरलेला, ते कागद लोकांना वाटत सुटलेला कवी उभा राहिला. अंधारातून एकेक, दोन-दोन माणसं पुढे येत गेली, वर्तुळ आवळत गेलं आणि तो दिसेनासा झाला. त्या प्रयोगाबद्दल लिहिणारे आजही आधी याच प्रवेशाबद्दल लिहितात. हुकूमशहा मेल्यावरही रस्ता मोकळा होत नाही, ही गोष्ट उपशीर्षकात नव्हती. ती या चाळीस ओळींत होती.

सोळा वर्षांनी, १९३७ चा तो प्रयोग करणाऱ्या नाट्यसंस्थेचा सहसंस्थापक हॉलीवूडमध्ये या नाटकाच्या चित्रपटाचा निर्माता होता. १९५३ चा हा चित्रपट मुद्दाम कृष्णधवल काढला गेला, प्रेक्षकांना युद्धकाळातल्या वृत्तपटांची आठवण व्हावी म्हणून. टोगे परत आले. सिन्ना मात्र अंतिम चित्रपटात नाही. पडद्यावर अँटनीचं भाषणच इतकं प्रभावी ठरलं की त्यानंतर काही दाखवणं कदाचित उतरण वाटली असावी. म्हणजे एकोणिसाव्या शतकाचाच हिशेब, फक्त पडदा पडण्याच्या जागी संकलकाची कात्री.

२०१२ हे वर्ष या नाटकासाठी विलक्षण गेलं. रोमच्या तुरुंगात कैद्यांनी केलेल्या तालमी आणि प्रयोगावरच्या चित्रपटाला बर्लिन चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार ‘गोल्डन बेअर’ मिळाला. लंडनमध्ये फक्त स्त्रियांचा संच घेऊन, स्त्रियांच्या तुरुंगात घडणारा प्रयोग झाला. इंग्लंडमध्येच आफ्रिकेत घडणारा, सर्व कृष्णवर्णीय नटांचा सीझरही आला. तुरुंगाची चौकट हा मला सापडलेल्या उत्तरांपैकी सर्वांत चतुर उपाय वाटतो. काळ आजचा राहतो, पण सीझरच्या जागी बाहेरच्या कोणा पुढाऱ्याचा चेहरा लावावा लागत नाही. त्याच वर्षी अमेरिकेत तत्कालीन राष्ट्राध्यक्षांची आठवण करून देणारा सीझरही होता. त्यावर काहीच गदारोळ झाला नाही.

तो झाला २०१७ मध्ये, सेंट्रल पार्कातल्याच खुल्या रंगमंचावर. लांब टाय, पिवळे केस, म्हणजे उघडच ट्रम्प यांच्यासारखा सीझर; भोसकले जाणारे अध्यक्ष. दोन बड्या प्रायोजकांनी अंग काढून घेतलं, निदर्शक प्रयोग चालू असताना मंचावर चढले, आणि नावात ‘शेक्सपिअर’ असल्याच्या गुन्ह्यासाठी, या प्रयोगाशी काडीचाही संबंध नसलेल्या नाट्यसंस्थांना धमक्या आल्या. नावावरून माणूस धरायचा, हा जमावाचा जुना नियम नाटकाबाहेर इतक्या तंतोतंत पाळला गेला, तरी वादात सिन्नाचं नाव क्वचितच निघालं. ज्यांनी फक्त खुनाची चित्रफीत पाहिली त्यांच्यापर्यंत चौथा-पाचवा अंक पोहोचलाच नाही. खरं तर खून करणाऱ्यांचं पुढे काय होतं, हा नाटकाचा अर्धा भाग आहे.

पुढच्याच वर्षी लंडनमधल्या प्रयोगाने निम्मं भांडण वेगळ्या रीतीने सोडवलं. काही प्रेक्षक खुर्च्यांत, बाकीचे मधल्या मोकळ्या जागेत उभे. चौथरे त्यांच्यातूनच वर येणार, वाट काढायला त्यांनाच सरकावं लागणार. भाड्याने आणलेल्या जमावाची गरज उरली नाही. प्रयोग दोन तास, मध्यंतराविना, आणि त्याचं चित्रीकरण चित्रपटगृहांत दाखवलं गेलं. नवी अडचण तिथून सुरू झाली : रोमन नागरिक म्हणून धक्के खाल्लेला प्रेक्षक पडद्यावर इतरांना फक्त गर्दी म्हणून दिसतो, आणि कॅमेरा कोणाच्या खांद्यावरून पाहणार हे संकलकाला नव्याने ठरवावं लागतं.