बस्ती आणि मठ : उत्तर कर्नाटकातील जैन व लिंगायत परंपरांची पार्श्वभूमी

बेळगाव, धारवाड, गदग, बागलकोट आणि विजापूर या पट्ट्यात आज लिंगायत मठ गावोगावी आढळतात; जैन बस्ती, म्हणजे जैन मंदिरे, मात्र त्या मानाने मोजक्या उरल्या आहेत. हे चित्र बाराव्या शतकानंतर हळूहळू तयार झाले. त्याआधीची अनेक शतके याच भागात जैनांना राजाश्रय, व्यापाऱ्यांचे पाठबळ आणि कन्नड वाङ्मयातील अग्रमान लाभला होता. लिंगायत परंपरा ज्या भूमीत रुजली, तिची बरीचशी मशागत जैनांनी केलेली होती, हे विसरले की पुढचा सारा इतिहास दोन पंथांच्या वैरापुरताच उरतो.

खानापूर तालुक्यातील हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका. पाचव्या शतकाच्या सुमारास कदंब राजा मृगेशवर्मा याने यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक या जैन संघांना दान दिल्याची नोंद ताम्रपटात आहे. यांपैकी यापनीयांचे वेगळेपण लक्षणीय होते. त्यांचे मुनी दिगंबरांप्रमाणे वस्त्रत्याग करीत, पण स्त्रीलाही मोक्षाचा अधिकार आहे हे मत ते श्वेतांबरांप्रमाणे मान्य करीत. पुढे हा संघ दिगंबरांत विरून गेला. यापनीयांचा बाराव्या शतकातील शरण कवयित्री अक्कमहादेवीशी थेट संबंध जोडणे धाडसाचे ठरेल. तरीही स्त्रीच्या मोक्षाचा प्रश्न या प्रदेशाला शरणांच्या, म्हणजे बसवण्णांभोवती (बसवेश्वरांभोवती) जमलेल्या शिवभक्तांच्या, आधीपासून परिचित होता, एवढे निश्चित म्हणता येते.

ऐहोळेच्या मेगुती जिनालयातील रविकीर्तीची प्रशस्ती इ.स. ६३४ची असून तीत दुसऱ्या पुलकेशीचे पराक्रम वर्णिले आहेत. राष्ट्रकूट काळात हा आश्रय शिखरास पोहोचला. पंप, पोन्न आणि रन्न हे कन्नडचे तिन्ही ‘रत्नकवी’ जैन परंपरेतले. रन्न मुधोळचा, त्याची आश्रयदात्री अत्तिमब्बे हिने लक्कुंडीला बांधविलेले जिनालय अजून उभे आहे.

मग ओहोटी कशामुळे लागली? इ.स. ९७३मध्ये राष्ट्रकूटांची सत्ता संपली आणि त्यानंतर तीसेक वर्षांत दक्षिणेकडील गंगांचे राज्यही चोळांच्या हाती गेले. कल्याणच्या (आजचे बसवकल्याण) चालुक्यांनी जैनांना दाने दिली, पण त्यांच्या काळात कालामुख या पंथाच्या शैवांचे मठ अधिक बळावले. म्हणजे बसवण्णांच्या जन्माआधीच राजाश्रयाचे पारडे शैवांकडे झुकू लागले होते. ही बाजू लोकप्रिय कथनांत सहसा येत नाही.

बसवण्णा बागेवाडीचे. कूडलसंगम येथे त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे ते कलचुरी बिज्जळाच्या पदरी आधी मंगळवेढ्यास व नंतर कल्याणास होते, असे परंपरा सांगते. त्यांच्याभोवती अल्लमप्रभू, चन्नबसवण्णा, अक्कमहादेवी आणि सोलापूरचे सिद्धराम असे शरण जमले. देहावर धारण करायचे इष्टलिंग, श्रमालाच पूजा मानणारा ‘कायक’ आणि मिळकतीतून समाजासाठी ‘दासोह’ ही त्यांच्या आचाराची मुख्य अंगे होती. दया हेच धर्माचे मूळ, हे बसवण्णांचे वचन अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या समाजाला परके वाटण्याचे कारण नव्हते. फरक होता तो वाटेचा. जैन आदर्श गृहत्यागी मुनीचा, तर शरणांचा आदर्श संसारात राहून काम करणाऱ्या विणकराचा, चर्मकाराचा, नावाड्याचा होता. जैन कवींची गद्य-पद्य मिश्रित चंपूशैली दरबारात शोभणारी होती, तर शरणांची वचने, म्हणजे छोटी गद्यकाव्ये, रोजच्या कन्नडमध्ये बोलत. शिवाय गावकऱ्यांच्या दासोहावर चालणाऱ्या जंगमाला, म्हणजे फिरत्या लिंगायत धर्मगुरूला, राजाच्या भूदानाची तेवढी गरज नव्हती. बस्तीला मात्र ती होती.

चर्मकार शरण हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण कुळातील शरण मधुवरसाची मुलगी यांचा विवाह, त्यावरून उसळलेला प्रक्षोभ, बिज्जळाचा वध आणि शरणांची पांगापांग, हा क्रम परंपरेने जपला आहे. बिज्जळ जैन होता असे नंतरच्या काही कथा सांगतात, पण त्याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. आणि वचनांचा मुख्य रोख जैनांवर नसून वैदिक कर्मकांड, स्थावर देवळे व जातिभेद यांवर होता.

याचा अर्थ संघर्ष झालाच नाही असा नव्हे. हावेरी जिल्ह्यातील अबलूरचा इ.स. १२००च्या सुमाराचा शिलालेख एकांतद रामय्याची हकिगत सांगतो: जैनांशी पैज लावून त्याने स्वतःचे शिर कापले, शिवकृपेने ते पुन्हा जुळले, तेथील जिनमूर्ती त्याने फोडली आणि बिज्जळाने त्याला जयपत्र, म्हणजे विजयाचा लेखी दाखला, दिले. चमत्कार बाजूला ठेवला, तरी मूर्तिभंजनाची गोष्ट अभिमानाने दगडावर कोरली गेली, हे दुर्लक्षिण्याजोगे नाही. मात्र जवळपास त्याच काळात, १२०४मध्ये, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बीचिराज या मंत्र्याने बेळगावात जिनालय बांधले. किल्ल्यातील कमल बस्ती ती हीच.

पुढे तडजोडीही झाल्या. सर्वांत बोलका दाखला या पट्ट्याबाहेरचा, हळेबीडचा आहे. तेथील पार्श्वनाथ बस्तीच्या खांबांवर एका वीरशैवाने (लिंगायतांना वीरशैवही म्हणत) लिंगमुद्रा उमटवल्या आणि एका जैनाने त्या पुसून टाकल्या. १६३८च्या शिलालेखानुसार वीरशैव प्रमुखांनी असा निवाडा केला की, आधी शैव रीतीने भस्म अर्पावे, मग जैनांनी आपली पूजा नेहमीप्रमाणे करावी. आणि जो या जैन धर्माला विरोध करील तो शिवद्रोही समजावा. वरचष्मा कोणाचा हे यात स्पष्ट दिसते, आणि दुबळ्या पक्षाला दिलेले अभयही.

आधुनिक काळात दोन्ही समाज संस्थांच्या रूपाने उभे राहिले. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९मध्ये, वीरशैव महासभा १९०४मध्ये आणि बेळगावची के.एल.ई. (कर्नाटक लिंगायत एज्युकेशन) ही शिक्षणसंस्था १९१६मध्ये स्थापन झाली. विजापुरात फ. गु. हळकट्टी यांनी वचनांची हस्तलिखिते गोळा करून छापली, सदलग्याचे आ. ने. उपाध्ये यांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकवत प्राकृत व जैन ग्रंथांचे संपादन केले आणि विस्मृतीत गेलेल्या यापनीयांवरही लिहिले.

जैनांना केंद्राने २०१४मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला. कर्नाटक सरकारने २०१८मध्ये लिंगायतांसाठी केलेली तशी शिफारस केंद्राने स्वीकारली नाही. त्या वादातला खरा पेच समाजाच्या आतला आहे: परंपरेचा आरंभ बाराव्या शतकातील बसवण्णांपासून धरायचा, की पंचाचार्यांना, म्हणजे पाच आद्य आचार्यांना, मानणाऱ्या वीरशैवांच्या म्हणण्याप्रमाणे त्याही आधीचा मानायचा.