चोर्ल्याच्या कड्यावरून दरीत उतरताय? मग आधी परतीचा हिशोब मांडा

आपल्याकडे बेळगावात ट्रेक म्हटलं की येळ्ळूरचा राजहंसगड नाहीतर देवरवाडीचा वैजनाथ, म्हणजे सकाळी दम आहे तोवर चढायचं, वर बसून डबा खायचा आणि गप्पा मारत खाली यायचं. जांबोटी-कणकुंबी मागे टाकून गोव्याकडे उतरणाऱ्या चोर्ल्याच्या घाटाच्या बाजूला गेलात की हे सगळं उलटं होतं बघा. तिथं गाडीच आपल्याला वर आणून सोडते, पायाखाली कडा असतो आणि बघायचं ते सगळं खाली दरीत असतं. म्हणजे उतरणं आधी आणि चढणं शेवटी, तेही पाय दमल्यावर, ऊन डोक्यावर असताना आणि बाटलीतलं पाणी संपत आलेलं असताना. या एका गोष्टीमुळं दरीच्या ट्रेकचं प्लॅनिंग वेगळं करावं लागतं, आणि मला वाटतं आपल्याकडची बरीच मंडळी इथंच चुकतात.

पण ही दरी मुळात इथंच एवढी खोल का, ते आधी बघू, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते, साधारण 790 मीटर उंचीवर. ती पूर्वेला जाते, कुसमळीच्या पुलाखालून, खानापूरवरून, सौंदत्तीचं धरण पार करत 300 किलोमीटरच्या आसपास चालून कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि तिथली उंची असते सुमारे 490 मीटर. एवढ्या प्रवासात ती जेमतेम 300 मीटर खाली उतरली, म्हणजे किलोमीटरमागे एक मीटर. आता याच खानापूर तालुक्यात देगावला उगम पावणारी म्हादई बघा. ती पश्चिमेला वळते आणि 80 किलोमीटरच्या आसपास पळून पणजीला समुद्रात जाते, गोव्यात तिलाच मांडवी म्हणतात. तिथं तर शेवटचे कित्येक किलोमीटर ती भरती-ओहोटीचीच नदी आहे, म्हणजे सगळी उंची तिनं त्याच्या आधीच, सह्याद्रीच्या कड्यावरच संपवलेली असते. जितका उतार जास्त तितकी पाण्याला दगड कापायची ताकद जास्त, म्हणून पूर्वेला आपल्याला भाताची खाचरं दिसतात आणि पश्चिमेला दऱ्या.

हा कडा आला कुठून, तर सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर आपल्यापासून तुटला आणि साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास सेशेल्सचा तुकडा वेगळा झाला, तेव्हा भारताची पश्चिम कड उघडी पडली. तेव्हापासून पश्चिमेचे ओढे ती कड मागे मागे कुरतडत पूर्वेकडे सरकवतायत आणि ते काम अजून थांबलेलं नाही. दख्खनच्या लाव्हाच्या थरांची दक्षिणेकडची हद्द आपल्या बेळगावच्या आसपासच संपते, त्यामुळं या भागात कुठं काळा बेसॉल्ट, कुठं त्याच्याही खालचा कितीतरी जुना खडक आणि वर बऱ्याच ठिकाणी जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार, असं सगळं एकत्र बघायला मिळतं. भीमगडच्या जंगलात तर चुनखडीच्या बारापेडे गुहा आहेत, तिथल्या रॉटन नावाच्या दुर्मिळ वटवाघळासाठी जगभरातले अभ्यासक या जागेचं नाव घेतात.

आता पाण्याचं. या दरीत डोक्यावरचं आभाळ बघून निर्णय घ्यायचा नाही, वरच्या सड्यावर काय चाललंय ते महत्त्वाचं. मोठ्या पावसात सडा भिजून भरला की घराच्या पत्र्यावरचं पाणी एकाच पन्हाळीतून पडावं तसं सगळं पाणी एका व्हाळात, म्हणजे ओढ्यात, येतं. हिशोब करून बघा की, एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 लाख लिटर पाणी. पाच चौरस किलोमीटरच्या सड्यावर तासाभरात 50 मिलिमीटर पडला तर झाले 25 कोटी लिटर, त्यातलं अर्धं जमिनीत मुरलं असं धरलं तरी उरलेलं अर्धं तुम्ही जिथं उभे आहात त्या दहा-पंधरा फुटांच्या चिंचोळ्या वाटेनंच जाणार, आणि तुमच्यावर तेव्हा लख्ख ऊन असू शकतं.

आणि वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, ही गोष्ट शाळेत शिकूनही आपण व्हाळात उतरताना विसरतो. गुडघाभर पाणी, सेकंदाला एक मीटर वेग, म्हणजे आपण निवांत चालतो त्याच्यापेक्षाही थोडा कमीच, तर दोन्ही पायांवर मिळून साधारण सात किलोचा रेटा बसतो, तेवढा सहन होतो. वेग दुप्पट झाला की तोच रेटा 28 किलो आणि तिप्पट झाला की साठाच्या वर, शेवाळलेल्या दगडावर कुणीच टिकणार नाही. दगडांचं तर त्याहून भयंकर आहे, पाण्याचा वेग दुप्पट झाला की ते ढकलू शकतं त्या दगडाचं वजन साधारण 64 पट वाढतं. व्हाळात घराएवढे धोंडे पडलेले दिसतात ना, ते असेच आलेत किंवा कड्यावरून सुटलेत.

म्हणून जून ते सप्टेंबर खाली उतरायचंच नाही, वरून बघायचं, सुर्ल्याचा धबधबा रस्त्याकडच्या कड्यावरूनसुद्धा पोटभर दिसतो. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडतो आणि मार्चअखेरपासून वळीव सुरू होतो, तोही बहुतेक दुपारनंतरच. खरा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तरीसुद्धा व्हाळाचं नितळ पाणी अचानक गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या किंवा वरून घरघर ऐकू आली तर फोटो काढत बसू नका, बॅग सोडावी लागली तर सोडा आणि आहात त्याच काठानं वर चढा, पलीकडे जायचा प्रयत्न करू नका.

वेळेचं गणित स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथनं 1892 मध्ये मांडलं ते अजून चालतं. सपाटीवर 5 किलोमीटरला एक तास, आणि प्रत्येक 600 मीटर चढाला आणखी एक तास. समजा परतीची वाट 4 किलोमीटर आणि चढ 500 मीटर, तर नियमानं एक तास चाळीस मिनिटं होतात. पण तो नियम चांगल्या वाटेवरच्या तंदुरुस्त माणसासाठी आहे, धोंड्यांवरून उड्या मारत, कारवीच्या झुडपांतून वाट काढत जायचं तर सरळ दुप्पट धरा, म्हणजे जवळपास साडेतीन तास.

शिवाय दरीत सूर्य लवकर मावळतो. डिसेंबरात बेळगावला सूर्यास्त सहाच्या सुमारास, पण दरीच्या तळाशी तो धरायचा नाही. हात समोर ताठ धरून मूठ बांधा, ती साधारण 10 अंश भरते. पश्चिमेचा कडा आडव्या रेषेपासून तीन मुठी उंच असेल तर डिसेंबरात सूर्य त्याच्यामागे साडेतीनलाच जातो, मुठीमागे साधारण पन्नास मिनिटं उजेड कमी होतो असं समजा. म्हणून मी म्हणते, सकाळी साडेसातला उतरायला लागा आणि साडेअकराला, कुठंही असा, तो धबधबा अजून एका वळणापलीकडे असला तरी, मागं फिरा. ग्रुपमधल्या सगळ्यांनी ही वेळ आदल्या दिवशीच ठरवून ठेवायची, तिथं वाद घालायचा नाही.

आपण बेळगावकर थंड हवेची माणसं, खाली 500 मीटर उतरलं की तीनेक अंश तापमान वाढतं आणि त्यात गोव्याकडची दमट हवा. एक लिटर घाम वाळताना शरीरातली साधारण 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता गळतो, म्हणजे पाणीही गेलं आणि थंडावाही मिळाला नाही. माणशी किमान तीन लिटर पाणी घ्या, त्यातलं अर्धं परतीसाठी बाजूला ठेवा, सोबत खारे शेंगदाणे, भडंग, लिंबू-मीठ-साखर असं काहीतरी. उतरताना दम लागत नाही म्हणून फसायला होतं, खरं तर मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन तोलत असतात आणि त्यांच्या धाग्यांना बारीक इजा होत असते, पाय लटलटायला लागतात ते त्यामुळंच, आणि त्याच पायांनी नंतर चढायचंय.

परवानगीचंही आधीच बघा. वाट सुरू कर्नाटकात होते आणि संपते गोव्यात असं इथं सहज होतं, भीमगड आणि म्हादई ही दोन्ही अभयारण्यं, दोन्हीकडचं वन खातं वेगळं. गावातला वाट माहीत असलेला माणूस सोबत घ्याच, आपल्या खानापूर भागात मराठीत बोललात की काका-मामा करत माणसं जिवाभावानं सांगतात, कुठला कोंड, म्हणजे डोह, खोल आहे, कुठं अस्वल फिरतंय. दरीत मोबाईलला रेंज नसते, तेव्हा किती वाजेपर्यंत वर येणार ते घरी सांगून निघा.

आणि गोचिडी. डिसेंबर ते मे हा गोचीड चावून होणाऱ्या माकडतापाचा काळ, 1957 मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेलेला हा आजार पुढं गोव्यातल्या सत्तरी आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गपर्यंत पोचलाय. फुल पँट मोज्यात खोचा, पाल्यावर आडवं होऊ नका, मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका आणि वन खात्याला कळवा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, काखा, जांघा, कानामागं नीट बघून घ्या, गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्यानं अगदी कातडीजवळ धरून सरळ ओढून काढा, आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत जोरात ताप आला, अंग ठणकायला लागलं तर डॉक्टरांना जंगलात जाऊन आलो हे पहिल्यांदा सांगा.